काचेची पाटी व तिचा संसार



आपल्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना दगडी पाटी आठवत असेल. लाकडी चौकट, चौकटीच्या कोपऱ्याला भोक, त्यात ओवलेला दोरा नि दोऱ्याच्या टोकाला पुसायचे फडके. फडके भिजवायला पाणी नसले तर आम्ही काय करीत असू, ते येथे सांगत नाही. त्यासाठी गुरुजींचे धपाटे खाल्लेले आहेत. सांगायचे इतकेच की, पाटी कधी एकटी नसे. पेन्सिल हरवली की पाटी आंधळी, फडके हरवले की ती घाणेरडी. तिचा एक लहानसा संसार असे, नि त्यातले एक भांडे हरवले तरी लिहिणे अडत असे.

आता पाटी काचेची झाली आहे. तिला आपण टॅब म्हणतो. पाटीएवढा संगणक करावा, नि तो मुलांच्या हाती द्यावा, ही कल्पना जुनीच आहे. ॲलन के नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७२ साली तसा निबंध लिहिला होता. आपल्या पाटीला त्याने डायनाबुक असे नाव दिले होते. पण ती तेव्हा कागदावरच राहिली. २०१० साली ॲपल कंपनीचा आयपॅड बाजारात आला आणि मग अशा पाट्या घरोघर दिसू लागल्या. आपल्याकडे २०११ साली केंद्र सरकारने ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब विद्यार्थ्यांसाठी पुढे आणला. त्याचा गाजावाजा मोठा झाला, काम मात्र त्या मानाने थोडे झाले. असो. आज सांगायचे आहे ते टॅब कोणता घ्यावा हे नाही. तो घरात किंवा शाळेत आल्यानंतर रोजच्या कामाला कसा लावावा, नि त्याच्याबरोबरच्या चार वस्तू कशा सांभाळाव्यात, त्याविषयी बोलायचे आहे.

प्रथम एका शाळेची हकीगत ऐका. शाळेचे नाव सांगत नाही, कारण अशा शाळा पुष्कळ आहेत. गावातून नोकरीसाठी बाहेर गेलेल्या मंडळींनी वर्गणी काढून शाळेला दहा टॅब दिले. सव्वीस जानेवारीला समारंभ झाला, हार झाले, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी ते दहाही टॅब खोक्यांसह लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि डेडस्टॉक रजिस्टरात त्यांची रीतसर नोंद केली. दीड वर्षाने मी त्या शाळेत गेलो तेव्हा कपाट उघडले. सहा टॅब बऱ्याच वेळाने का होईना, सुरू झाले. तीन काही केल्या डोळे उघडीनात. आणि एकाची पाठ पुरीसारखी फुगली होती. डेडस्टॉक रजिस्टरात लिहिलेली वस्तू खरोखरच मेली होती, म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, वापरलेच नाहीत तर बिघडले कसे? तीच गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. टॅबच्या पोटात लिथियमची बॅटरी असते. ती नुसती पडून राहिली तरी हळूहळू रिती होत जाते. अगदी तळाला गेली आणि तशीच महिनोन् महिने राहिली, की तिच्या आतील रचना बिघडते. मग चार्जर लावला तरी ती वीज घेत नाही. पूर्ण भरून, उन्हाने तापणाऱ्या कपाटात ठेवली तरी तिचे आयुष्य कमी होते. तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत टॅब ठेवायचाच असेल तर तो अर्धा भरून, बंद करून, सावलीच्या थंड जागी ठेवावा, आणि दोन-अडीच महिन्यांनी एकदा बाहेर काढून पुन्हा अर्ध्यावर आणावा. पत्र्याखालचे कपाट ही त्याची जागा नव्हे. आणि पाठ फुगलेला टॅब दिसला तर तो दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. पेट घेण्याचे भय असते. तो मुलांच्या हातून काढून घ्यावा, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा, आणि जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे पोचवावा. उकिरड्यावर टाकू नये.

मुख्याध्यापकांना दोष देणे सोपे आहे. मी त्यांना विचारले, “गुरुजी, मुलांना का नाही दिले?” ते म्हणाले, “फुटला तर भरून कोण देणार? लेखापरीक्षणात माझ्यावरच येणार ना? आणि लाइटबिल कोणी भरायचे?” त्यांचे भय खोटे नव्हते. सरकारी वस्तू सांभाळता सांभाळता ज्याची उमर गेली, त्याला कुलूप हाच खरा मित्र वाटतो. पण या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे.

लाइटबिलाचे उत्तर गणिताचे आहे; गुरुजींनी ते पाचवीच्या वर्गात घालावे. साधारण टॅब एकदा रिकाम्याचा पूर्ण भरायला, वाटेतली गळती धरून, सुमारे ४० वॉट-तास वीज लागते असे समजा. विजेचे एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. म्हणजे एका युनिटात टॅब पंचवीस वेळा भरतो. दहा टॅब शाळेचे पंचवीसही दिवस रोज पूर्ण भरले, तरी महिन्याला दहा युनिटे झाली. वर्गातला जुना पंखा याहून जास्त वीज खातो. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर त्या गुरुजींच्या कपाळावरच्या आठ्या निम्म्या गेल्या.

फुटण्याचे उत्तर कागदाचे आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करून ठेवावा: वर्गात शिक्षकासमोर वापरताना टॅब पडला तर तो शाळेच्या कामातला बिघाड समजावा, मुलाकडून भरपाई घेऊ नये, दुरुस्तीसाठी लोकवर्गणीतून थोडी रक्कम बाजूला ठेवावी. ठराव इतिवृत्तात आला की गुरुजींची छाती हलकी होते. टॅब देणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. दहा टॅब देण्यापेक्षा आठ द्या, आणि उरलेल्या पैशात जाड रबरी कव्हरे, काचेवर लावायच्या संरक्षक काचा, चांगल्या केबली नि एकाच वेळी पुष्कळ टॅब भरणारा चार्जर द्या. फोटोत आठ टॅब दहापेक्षा कमी दिसतील, एवढेच.

आता त्या सोबतच्या वस्तूंकडे येऊ. सर्वांत जास्त फसवणूक होते ती केबलीत. बाजारात काही केबली अशा मिळतात की, त्यांतून वीज जाते पण माहिती जात नाही. आत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल टॅबला लावून माणूस संगणकाशी तासभर झटापट करतो आणि शेवटी टॅबलाच शिव्या देतो. केबल घेतानाच दुकानात दोन्ही कामे करून पाहावीत. आणि चार्जिंग चालू असताना टॅब उशीखाली किंवा गोधडीत ठेवू नये. त्याला उष्णता सहन होत नाही.

भारनियमनाच्या गावात पॉवरबँक हवीच. पण तिच्यावरचा आकडा वाचायला शिकले पाहिजे. “दहा हजाराची पॉवरबँक नि सात हजाराचा टॅब, म्हणजे दीड वेळ भरणार,” असे आपण धरतो. तसे होत नाही. पॉवरबँकेवरचे दहा हजार मिलिअँपिअर-तास हे तिच्या पोटातल्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाचे असतात. गुणाकार केला तर ३७ वॉट-तास होतात. ती वीज पाच व्होल्टवर चढवताना काही जाते, केबलीत काही जाते, टॅबच्या पोटात शिरताना आणखी काही जाते. घागरीतून फडक्यातून गाळून दुसऱ्या घागरीत पाणी ओतावे, तसे. सात हजाराच्या टॅबला सत्तावीस-अठ्ठावीस वॉट-तास लागतात. म्हणजे दहा हजारांची पॉवरबँक टॅब एकदा भरते, नि त्यातच तिचा दम संपतो. दोन दिवस वीज नसणाऱ्या वस्तीने वीस हजारांची घ्यावी.

टॅब उभा ठेवायला स्टँड लागतो. त्यासाठी विकतच आणले पाहिजे असे नाही. पोथी वाचताना तिच्याखाली घडीचा लाकडी स्टँड ठेवतात, तो उत्तम चालतो. स्वयंपाकघरात बसून पत्र वाचणाऱ्या किंवा शिवणाचा नमुना पाहणाऱ्या बाईला याहून सोयीचे दुसरे काही नाही. दोन्ही हात मोकळे राहतात.

काचेवर लिहायची लेखणी मिळते, तिला स्टायलस म्हणतात. मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो: बोट चालते, मग काडी का चालत नाही? गुरुजी, याचे उत्तर सांगण्यापेक्षा करून दाखवा. काचेच्या खाली विजेचे फार सूक्ष्म जाळे असते. आपले शरीर विजेचे वाहक आहे, म्हणून बोट टेकले की त्या ठिकाणच्या विद्युतभारात फरक पडतो नि टॅबला कळते की येथे कोणी शिवले. कोरडी काडी वाहक नाही, म्हणून ती टॅबला दिसतच नाही. त्याच काडीचे टोक जरा जाड करून, त्यावर डब्यातला ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळा, कागद हाताला लागेल असा धरा, आणि हळूच टेकवा. काडी लिहू लागते. काचेवर पाणी पडले की टॅब वेड्यासारखा का वागतो, हेही मग सांगावे लागत नाही. मुलेच सांगतात.

लिहिण्याविषयी थोडे. काचेवरच्या कळफलकावर चार ओळींचा निरोप ठीक. पण ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचा, वार्षिक तपासणीचा अहवाल लिहायचा, तर वेगळा कीबोर्ड जोडावा. तो बिनतारी मिळतो, किंवा ओटीजी नावाच्या लहानशा जोडणीने साध्या संगणकाचाच कीबोर्ड लागतो. त्याच जोडणीने माउस नि पेनड्राइव्हही लागतात. थोड्या पैशांत एवढे काम करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. मराठी मात्र युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फाँटमध्ये लिहिलेला अहवाल दुसऱ्याच्या टॅबवर उघडला की त्याची चिनी चटणी होते, नि वरच्या कचेरीतून फोन येतो, “गुरुजी, हे काय पाठवलंत?”

ज्यांचा हात लिहिण्यात बसलेला नाही, त्यांनी बोलून लिहावे. टॅबला मराठी बोलणे ऐकून लिहिता येते. आमच्या एका शेजारी आजींनी परगावच्या मुलाला असे पत्र लिहिले, नि आपलेच बोलणे अक्षरात उमटताना पाहून त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पण एक जपा. बोलून लिहिलेल्या मजकुरातील आकडे, गावांची नावे, आडनावे परत वाचल्याशिवाय पाठवू नका. गटनंबर एकाचा दुसरा झाला तर पुढे निस्तरणे जड जाते.

शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठी टॅबचा पहिला उपयोग म्हणजे सात-बारा पाहणे आणि ई-पीक पाहणी. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करायची सोय झाली. उभ्या पिकाचा फोटो शेतात जाऊन काढायचा असतो, आणि आपण कोठे उभे आहोत हे यंत्राला कळावे लागते. येथेच पुष्कळजण फसतात. काही टॅब फक्त वायफायवर चालणारे असतात. त्यांना सिमकार्डाची जागा नसते, आणि त्यांतल्या काहींत जागा ओळखणारे जीपीएसही नसते. घरी सुरेख चालणारा टॅब बांधावर नेला की मुका. तेव्हा घेतानाच विचारा, सिम बसते का, जीपीएस आहे का. आणि टॅबच्या काचेवर ऊन पडले की काही दिसत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा झाडाच्या सावलीत उभे राहून काम उरकावे. टळटळीत उन्हात टॅब तापून आपोआप बंदही पडतो.

आता एक अशी गोष्ट सांगतो की, जिच्यामुळे हे भाषण द्यावेसे वाटले.

आमच्या बाजूला एक बचत गट आहे. चौदा बायका, महिन्याला दोनशे रुपये. सचिव बाई सातवी शिकलेल्या, हुशार, हिशेबाला चोख. त्यांच्या मुलाने त्यांना टॅब घेऊन दिला. बाईंनी हौसेने सगळा हिशेब त्यावर घेतला आणि वही बंद केली. नऊ महिने छान चालले. पावसाळ्यात एके दिवशी टॅब ओसरीवर राहिला, वळचणीचे पाणी त्यावर पडले, आणि तो गेला. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने सांगितले, आतला मुख्य बोर्डच जळाला आहे, यातले काही निघणार नाही. हिशेब त्या टॅबशिवाय कोठेच नव्हता.

बँकेची स्लिप होती. दरमहा किती भरले ते त्यावर कळत होते, पण कोणाचे किती ते कळत नव्हते. बचतीचे ठीक होते. चौदा जणींचे दोनशेप्रमाणे नऊ महिन्यांचे पंचवीस हजार दोनशे. त्याच्यावरची जी रक्कम, ती कर्जाच्या हप्त्यांची. कर्जदार तिघी. तिघींनी आपापल्या आठवणीने हप्ते सांगितले, त्यांची बेरीज बँकेतल्या रकमेपेक्षा साडेअकराशे रुपयांनी जास्त भरली. कोणी खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. आठवण अशीच असते. पण गावात बोलणे सुरू झाले. पाण्यावर, दळणाच्या रांगेत. एकीने तर तोंडावर विचारले, “आमचं पैसं त्या टॅबनं गिळलं म्हनायचं का?”

बाईंनी घरच्या कोंबड्या विकल्या आणि साडेअकराशे रुपये भरले. मग सचिवपद सोडते म्हणाल्या. बायकांनीच त्यांना सोडू दिले नाही, ही त्या गटाची थोरवी. पण ते चार आठवडे त्यांनी कसे काढले ते मी पाहिले आहे. त्या घरातून बाहेर पडत नव्हत्या.

त्यानंतर त्यांनी जी पद्धत ठेवली ती ऐका, कारण ती कोणत्याही गटाला, दूध डेअरीला, भिशीला आणि शाळेलाही चालेल. सभा संपली की जागीच महिन्याच्या हिशेबाची पीडीएफ करायची. ती तिथल्या तिथे दोन सभासदांच्या फोनवर पाठवायची. त्या दोघी दर महिन्याला बदलतात. टॅबला ओटीजी लावून एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, नि तो पेनड्राइव्ह अध्यक्षांच्या घरी ठेवायचा. एकाच पिशवीत टॅब आणि पेनड्राइव्ह ठेवणे म्हणजे घराची किल्ली दारालाच अडकवणे. आणि प्रत्येकीच्या पासबुकावर हाताने आकडा लिहून सही. हो, हाताने. टॅब आला म्हणून कागद गेला असे नाही. ज्या बाईला टॅब वाचता येत नाही तिच्या हातात काहीतरी असलेच पाहिजे. ते तिचे पैसे आहेत.

टॅबचा स्वतःचाही एक पडदा असावा. उघडायला आकडा किंवा खूण ठेवा. मुलांच्या खेळासाठी जो टॅब हातोहात फिरतो, त्यावरच पैशांचे व्यवहार नकोत. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका, मग समोरचा स्वतःला बँकेचा म्हणवो की पोलिसाचा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही. तो देण्यासाठीच लागतो. हे एक वाक्य जरी घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ करवलेत तरी पुष्कळ आहे. आणि फसगत झालीच तर लाज वाटून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

शिक्षक मित्रांनो, पुस्तकांची सोय तुम्हांला ठाऊक आहेच. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षावरून पुस्तकातील क्यूआर कोडशी जोडलेले धडे पाहता येतात. माझी सूचना एकच. गावात नेट येते-जाते. तेव्हा जेथे नेट चांगले असेल तेथे, तालुक्याला गेलात की, आठवड्याचे साहित्य उतरवून घ्या. वर्गात गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसलेली चाळीस मुले सांभाळणे हे कोणाही गुरुजीला शक्य नाही.

त्या पहिल्या शाळेचे काय झाले, हे सांगायचे राहिले. सहा टॅब चालू आहेत. दोन शिक्षक, चार इयत्ता. एक गुरुजी पहिली-दुसरीला शिकवीत असताना तिसरी-चौथीची मुले चार-चारच्या गटाने टॅबवर गणित सोडवतात. गटात एक जण काच धरतो, एक सोडवतो, दोघे वहीत लिहितात, आणि दर उदाहरणाला पाळी बदलते. प्रत्येक टॅबच्या पाठीवर चिकटपट्टी लावून आकडा लिहिला आहे. चौथीतली एक मुलगी टॅबांची कारभारीण आहे. शनिवारी शाळा सुटायच्या आधी ती सहाही टॅबांची बॅटरी पाहून भिंतीवरच्या तक्त्यात लिहिते, काचा कोरड्या सुती फडक्याने पुसते, आणि कोणाची बॅटरी इतरांपेक्षा लवकर उतरू लागली तर गुरुजींना सांगते. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा चार नंबरपुढे तिने लाल खडूने फुली केली होती. मी विचारले, “हे काय ग?”

ती म्हणाली, “तो दमतोय सर. त्याला उन्हाच्या खिडकीतनं हलवलाय.”